कमानीतला गूळ

आत्मगिरी महाराज त्या वर्षी वेळूखेडला, सिद्धेश्वराच्या देवळात उतरले होते. देऊळ जुनं, दगडी. मागच्या डागडुजीत सांधे सिमेंटने भरले, तर आत कोंडलेल्या ओलीने शेजारचे दगडच पापुद्रे टाकू लागले. म्हणून मंडपाची ढासळलेली कमान चुन्यात बांधा, असं महाराज म्हणाले, आणि काम सटवाजी बेलदाराला सांगितलं.

सटवाजीने चुन्याचे किती घाणे मळले आणि किती फेकले! कधी वाळू जास्त, कधी विटेची पूड कमी. शेवटी बेलफळाचा गर आणि मूठभर गूळ घालून केलेली वडी पाण्यात टिकली. त्याच मिश्रणात कमान उभी राहिली, खाली लाकडी साच्याचा आधार देऊन.

पण चुना आळेना. सांध्यात अंगठा रुतत होता.

देवस्थानचे पंच बळवंतराव रोज येऊन बोट खुपसून पाहत. "सटवाजी, कमान बांधलीस का शिरा ढवळलास?" माणसं हसत. शिवरात्रीच्या आत साचा निघाला नाही, तर मंडप पाडून स्लॅब टाकायचा, असं त्यांनी पंचांत ठरवूनही टाकलं.

सटवाजी महाराजांपुढे येऊन बसला. आपला हात देवाला चालला नाही, एवढंच त्याला कळत होतं.

महाराज उठले. सांध्यातला चुना बोटावर घेतला. चाखला.

"सटवाजी, हा फार गोड आहे रे."

तो गोंधळला. गूळ त्याने मापानेच टाकला होता.

महाराजांनी चौकशी केली नाही. देवळामागच्या वारुळाशी जाऊन हात जोडले. "आयांनो, प्रसादाला चला."

आणि मुंग्या आल्या! काळी धार भिंत चढून सांध्यांत शिरली. बळवंतराव विषारी पावडरीचा डबा घेऊन धावले. मुंग्या कमान पोखरतील, म्हणाले.

"पंगत बसली आहे, बळवंतराव. वाढायला आलात की उठवायला?"

डबा हातातच राहिला.

मधले दिवस सोडून देऊ. तेव्हा सटवाजीही नुसता बघत होता.

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी मुंग्या गेल्या. अंगठा रुतेना. महाराज कमानीखाली जाऊन बसले आणि साचा काढायला सांगितला. सटवाजीने साच्याखालच्या पाचरीवर हातोडा मारला. पाचर निघाली. लाकडं उतरली. महाराजांच्या खांद्यावर थोडी धूळ पडली.

कमान हलली नाही.

बळवंतरावांनी पागोटं काढून महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठेचनात. "सून बाळंतपणात अडली होती, महाराज. देवाच्या चुन्यात गुळाची ढेप सोडीन, असं बोललो होतो. सोडली. कुणाला सांगितलं नाही."

"पोचली ती," महाराज म्हणाले.

बळवंतराव वळले आणि सटवाजीसमोरही वाकले. सटवाजी मागे सरला. तेवढ्यात दुसरा एक जण पुढे आला, मग एक म्हातारी, मग सगळी कुंभारआळी. ज्याने त्याने आपापल्या नवसाचा गुळाचा खडा चुन्यात गुपचूप टाकला होता.

रांगेच्या शेवटी, पदर तोंडाशी धरून, सटवाजीची बायको उभी होती.