ससा पार झाला म्हणून

हिमालयातल्या खिंडींना अजून नावं नव्हती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या याकांची एक रीत होती. बर्फाचा उतार ओलांडायचा तर आधी सशाला पुढे धाडायचं. ससा पोचला की कळप निघायचा.

त्या वर्षी पहिला बर्फ लवकर पडला आणि कोरड्या थंडीत साखरेसारखा रवाळ झाला. त्यावर नव्या बर्फाचा जाड थर बसला. पलीकडे गवत होतं. ससा उड्या मारत पार झाला. झालं! कळप निघाला.

"थांबा रे मेल्यांनो!" म्हातारी याक ओरडली. तिने खुराने बर्फ उकरला, तसे खालचे सुटे दाणे घरंगळले. "बघा! वरचा थर नुसता यांच्यावर टेकलाय."

"पण आजी, ससा गेला की!" म्होरक्या म्हणाला.

"अरे, ससा मूठभर आणि तू केवढा! दर वर्षी सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

म्होरक्या हसला आणि एकटाच पुढे झाला. मधोमध पोचताच धप्पकन आवाज झाला आणि अख्खा उतार निसटला.

कळपाने त्याला उकरून काढलं, तेव्हा त्याचा पाय मोडला होता. तरी कण्हत म्हणतो कसा, "पण ससा तर नीट गेला होता!"

तोवर ससाही पलीकडून परत आला होता. म्हातारी वैतागून त्याच्याकडे वळली. "तुला काहीच जाणवलं नाही का रे?"

"जाणवलं की. पायाखाली सगळीकडे पोकळ वाजत होतं," ससा म्हणाला. "पण मी पोचलो का, एवढंच तुम्ही बघितलंत. कसा पोचलो, ते कुणी विचारलंच नाही."