उसना विस्तव

एका राज्यात, धवलकेतू राजाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, हेमंत ऋतूत, पौष वद्य पंचमीला, सकाळच्या दुसऱ्या प्रहरी सगळा विस्तव थंड झाला. विझला नाही. थंड झाला. ज्वाळा होती तशीच पिवळी, निखारा होता तसाच लाल. पण हात घातला तर ओढ्याच्या पाण्यात घातल्यासारखा. लोहारानं भट्टीतून लोखंड ओढलं, त्यावर दव होतं. आचाऱ्यानं दूध चुलीवर ठेवलं, त्याचा बर्फ झाला. पोरं ज्वाळा ओंजळीत घेऊन एकमेकांवर उडवू लागली. लोक हसले. दुपारी भूक लागली, तेव्हा हसू थांबलं.

राजवाड्यात कुणी हसलंच नव्हतं. मृगावती राणी दोन दिवसांची बाळंतीण. मुलगी झाली होती, सातव्या महिन्यातली, मुठीएवढी. अशी मुलं शेगडीच्या उबेवर जगतात, आणि शेगडीतून गारवा येत होता. भिवरा सुईणीनं शेगडी बाहेर ठेवली आणि मूल राणीच्या छातीशी बांधलं.

राजानं विचारलं, "किती दिवस?"

"आईच्या अंगात ऊब आहे तोवर. आज, उद्या, परवा. परवाचा सूर्य मावळला की माझ्या हाती काही नाही."

राजानं राजगुरू वामदेवांना बोलावलं, प्रधान सुबंधूंना बोलावलं. हे दोघे वीस वर्षं एका सभेत बसत आणि एका मतावर कधी येत नसत.

गुरुजी म्हणाले, "श्रद्धा ठेवा. मी नंदादीपापुढं जपाला बसतो."

प्रधान म्हणाले, "जपावर भाकरी भाजत नाही, गुरुजी. कारण शोधावं लागतं."

"शोधा. सापडलं की मला सांगायला या, मी देवाला कळवतो."

पहिला दिवस गुरुजींनी जपात घालवला. नंदादीपावर त्यांचीच बोटं गारठली. दुसरा दिवस प्रधानांनी तपासात घालवला. सतरा जातींची लाकडं जाळली, एकशे बारा चुली पाहिल्या, आणि अखेर ताडपत्रावर लिहून आणलं की चुली थंड आहेत.

तिसऱ्या दिवशी उजाडताच भिवरा राजापुढं उभी राहिली. "दोघांचं झालं असेल तर मी जाते."

"कुठं?"

"धगाईच्या डोंगरावर. साऱ्या मुलखावर धुकं आहे, तिच्या छपरावर नाही. म्हणजे तिची चूल गरम आहे."

धगाई चेटकीण होती. तिच्याकडं गेलेला माणूस सहसा परत येत नसे. राजा म्हणाला, "भिवराबाई, तू कोणाच्या बाजूची? गुरुजींच्या की प्रधानांच्या?"

"महाराज, नाळ कापताना मी देवाचं नाव घेते आणि चार बोटं मोजते. नाव घेतलं नाही तर हात थरथरतो. मोजलं नाही तर मूल जातं. बाजू बघायला वेळ कुठला?"

ती निघाली. पायथ्याशी वाट तीन ठिकाणी फुटली होती आणि करवंदीच्या जाळीवर भारद्वाज बसला होता. भिवरानं त्याला हात जोडले.

भारद्वाज म्हणाला, "मी दिसलो की गोड खायला मिळतं म्हणतात. सगळे हात जोडतात. लाडू मला आजवर एकानं दिला नाही."

"मुलगी जगली तर बारशाचा पहिला लाडू तुझा. वाट कोणती?"

"डावी."

भिवरानं तिन्ही वाटा खाली वाकून पाहिल्या. डाव्या वाटेवर ताजी राख सांडली होती. मग ती डावीकडं वळली.

"विश्वास नव्हता वाटतं!" पक्षी ओरडला.

"होता म्हणून तर डावीच आधी पाहिली."

धगाई ओट्यावर बसली होती. वय किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तीन गोष्टी करशील तर बोलेन. ह्या घड्यात नाग आहे. तळाशी सोन्याची अंगठी आहे. हात घालून काढ."

"अंगठी कुणाला हवी आहे? मी विस्तवाचं विचारायला आले."

धगाई खो खो हसली. "चाळीस जणांनी हात घातला. कुणी देवाचं नाव घेऊन, कुणी नागाचा हिशेब करून. अंगठी हवी का, हे कुणी स्वतःला विचारलं नाही. एक झाली. आता मागं जा. माझी वाघीण अडली आहे. सोडव."

परसात वाघीण आडवी पडून कण्हत होती. भिवरा तिच्याजवळ बसली, कपाळावरून हात फिरवला. "बाळंतीण ती बाळंतीण. तू मला काही करणार नाहीस, माझा भरवसा आहे." एवढं बोलून तिनं लुगड्याचा काठ फाडला आणि वाघिणीचं तोंड करकचून बांधलं.

धगाई म्हणाली, "हा कसला भरवसा?"

"कळा आल्या की राणीसुद्धा चावते. हा बघा वळ."

बछडा आडवा होता. भिवरानं तो आतल्या आत फिरवला. एक आला, दुसरा आला, तिसरा आला. तोंड सोडल्यावर वाघिणीनं तिचा हात कोपरापर्यंत चाटला.

मग धगाई गंभीर झाली. "आता तिसरी. शंभर वर्षांपूर्वी तुमच्या राजाची पणजी माझ्या दारी आली. तेव्हा ती राणी नव्हती, रानात उघड्यावर पडलेली बाळंतीण होती. खापरावर निखारा मागून नेला. तुमची रीत काय?"

"नेलेला विस्तव दुसऱ्या दिवशी फेडायचा. आपल्या चुलीतला निखारा त्याच्या चुलीत घालायचा."

"पुढं त्याच निखाऱ्याभोवती राज्य वसलं, ती राणी झाली. चेटकिणीच्या दारी यायची तिला लाज वाटली. शंभर वर्षं मी वाट पाहिली. परवा शंभर पुरी झाली, मी माझी धग काढून घेतली. जा, माझा निखारा फेडा. पण माझ्याच विस्तवातला नको."

भिवरा दुपारी परतली आणि तिनं सगळं सभेत सांगितलं. जो तो शेजाऱ्याकडं पाहू लागला. कारण त्या राज्यात नवा विस्तव कुणी पाडतच नसे. चूल विझली की शेजारून आणायची. लोहाराचा कुंभाराकडून, कुंभाराचा देवळातून, देवळातला राजवाड्यातून. सारा मुलूख त्या एका उसन्या निखाऱ्यावर जेवला होता.

प्रधान उठले. "सोपं आहे. गारगोटी आणि पोलाद आणा, चकमक झाडू." त्यांनी झाडली. ठिणगी कापसावर पडली आणि समोरच्या समईची ज्योत वाकून ती ठिणगी पिऊन गेली. पुन्हा झाडली. पुन्हा पिऊन गेली.

भिवरा म्हणाली, "जुना जिवंत आहे तोवर नवा जगणार नाही. राज्यातली प्रत्येक चूल विझवा."

"आणि नवा पेटला नाही तर? आधी पुरावा दे."

"प्रधानजी, पोटातलं मूल मी आधी पाहत नाही. तरी पाणी उकळून ठेवते."

गुरुजी आसनावरून उठले. "नंदादीपही? शंभर वर्षं तो अखंड आहे."

"गुरुजी, तो उसना आहे."

गुरुजी राणीच्या दाराशी गेले. मूल पाहिलं. ओठ निळे झाले होते. ते देवळात गेले, आणि ज्यांनी सत्तर वर्षं त्या दिव्याला वारा लागू दिला नव्हता, त्यांनी फुंकर मारली. मग राजानं दवंडी पिटवली. घराघरांतून पाणी पडलं. भर दुपारी सारं राज्य बिनविस्तवाचं झालं.

प्रधानांनी चकमक झाडली. ठिणगी पडली, विझली. दहा वेळा पडली, दहा वेळा विझली. हात रक्ताळले. लोक म्हणू लागले, "होता तोही घालवला."

गुरुजी पुढं झाले. सगळ्यांना वाटलं, जप करणार. त्यांनी कापूस चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "ओला आहे हो! दोन दिवस धुक्यात ठेवलात, आणि स्वतःला शहाणे म्हणवता?" त्यांनी आपल्या जपाच्या आसनाची शिवण उसवली आणि आतला कोरडा सावरीचा कापूस काढून दिला.

प्रधानांनी तो गारगोटीवर ठेवला. डोळे मिटले. ओठ हलले. काय म्हणाले ते पुढं कधीच त्यांनी कबूल केलं नाही. अकरावी ठिणगी पडली. कापूस काळा झाला, तांबडा झाला, पेटला.

"चटका बसला!" प्रधान ओरडले. "महाराज, चटका बसला!" आणि तो वीस वर्षं न हसलेला माणूस गुरुजींना मिठी मारून नाचला. गुरुजीही नाचले, फक्त जरा बेतानं.

राजा निखारा घेऊन डोंगराकडं निघाला, तेव्हा भिवरानं त्याला अडवलं. "आधी शेगडी. धगाई शंभर वर्षं थांबली, घटकाभर थांबेल."

शेगडी आत गेली. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, भुकेलं. बाहेर उभा असलेला पहारेकरी भाला टाकून खाली बसला. घराघरांतून माणसं गोवऱ्या घेऊन धावली, चुली पेटल्या, आणि तीन दिवसांनी भाकरीचा वास आला.

राजा अनवाणी डोंगर चढला. मुकुट घातला नव्हता. खापर तापलं होतं, हात पोळत होते, आणि तो हसत होता. सूर्य मावळायला हातभर असताना तो धगाईच्या ओट्याशी पोचला.

"आई, पणजीचा निखारा आणला आहे."

धगाईनं खापर घेतलं आणि निखारा आपल्या चुलीत सरकवला.

"फिटलं," ती म्हणाली.