पहिला ओरखडा

एकदा एक वृद्ध दुचाकीस्वार आपल्या नव्या शिष्याला घेऊन सह्याद्रीतल्या एका पठारावर मुक्कामाला निघाला. बरोबर आणखी चौघे जण होते. शनिवारी दगडाधोंड्यांच्या वाटेने गाड्या वर न्यायच्या, तंबू ठोकायचे आणि रविवारी सूर्योदय पाहून उतरायचे, असा बेत होता. गुरू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दाढी आणि कमंडलू येतो. या गुरूच्या डोक्यावर हेल्मेट होते आणि गुडघ्यांवर प्लास्टिकच्या जाड वाट्या. सगळे त्यांना काका म्हणत.

शिष्याची गाडी नवी कोरी होती. असल्या आडवाटांसाठीच त्याने ती घेतली होती. त्या पठारावरून उगवता सूर्य पाहायचा, हे त्याचे किती दिवसांचे स्वप्न! पण गाडी दारात आली आणि त्याचा तिच्यावर नको तितका जीव जडला. टाकीवर बोटाचा ठसा दिसला तरी तो कासावीस होई. त्याला हसू नये. आपले तरी काय वेगळे आहे? नव्या सोफ्याचे प्लास्टिक आपण वर्षभर काढत नाही. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी ठेवतो, आणि पाहुणे आले की त्या फार उंचावर आहेत म्हणून रोजच्याच कपातून चहा देतो.

खिंडीच्या तोंडाशी खडा चढ लागला. सगळा घसारा, म्हणजे सुटे दगड आणि भुसभुशीत मुरूम. अशा ठिकाणी नियम एकच, गती मोडायची नाही. चौघे धडधडत वर गेले. शिष्य मात्र दगड दिसला की ब्रेक दाबी. गाडी थांबे, मागचे चाक जागच्या जागी फिरे, आणि तो दोन्ही पाय टेकत मागे घसरत खाली येई. पुन्हा गेला, पुन्हा आला. शेवटी त्याने इंजिन बंद केले.

"काका, मी परत जातो," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. मला नाही जमायचं हे."

काका आपल्या गाडीवरून उतरले. त्यांनी शिष्याच्या गाडीवरचे सामान सोडून बाजूला ठेवले. शिष्याला वाटले, आता काका स्वतःच गाडी वर नेऊन देणार. काकांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, "सुरेख आहे हो," असे म्हणून तिला सरळ धरले, साइड स्टँड पायाने वर केला आणि दोन्ही हात सोडून दिले.

गाडी धाडकन दगडांवर आडवी झाली.

"काका! वेड लागलंय का तुम्हाला?" शिष्य किंचाळला. टाकीवर वीतभर ओरखडा उमटला होता.

वरून चौघांची डोकी डोकावली. "झाली का दीक्षा?" त्यांतला एक जण ओरडला, आणि बाकीचे खो-खो हसले.

"रागव, पोटभर रागव माझ्यावर," काका म्हणाले, "पण आधी उचल तिला."

रागाने बळ येते म्हणतात, पण गाडी जागची हलेना. तेव्हा काका म्हणाले, "असं नव्हे रे. पाठ लाव तिला. खाली बस. एक हात हँडलला, दुसरा सीटखाली. आता पायांवर जोर दे, कंबरेवर नको." शिष्य तसा बसला, दात-ओठ खात उठला, आणि एवढे धूड त्याच्या एकट्याच्या जोरावर उभे राहिले. त्याचे त्यालाच नवल वाटले. मग ओरखड्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "पण का पाडलीत?"

"बाळा, सकाळपासून तू गाडी चालवत नव्हतास, तिची राखण करत होतास. राखणदाराचं लक्ष वाटेवर नसतं, चोरावर असतं. तुला प्रत्येक दगड चोर दिसत होता. ओरखडा पडेल या धास्तीने तू ब्रेक दाबायचास, आणि ब्रेक दाबलास म्हणूनच पडायची वेळ यायची. आता ज्याचं भय होतं ते होऊन गेलं. ते तू उचलून उभंही केलंस."

"म्हणजे काही जपायचंच नाही का?"

"जप की! चेन जप, ब्रेक जप, टायर जप. जिच्या जिवावर ती चालते, अशी प्रत्येक गोष्ट जप. तुला ती दारात मिरवायला हवी असती, तर मी बोटही लावलं नसतं."

शिष्याने हेल्मेट चढवले. या वेळी दगड आले तसे येऊ दिले. अर्ध्या चढावर मात्र पुढचे चाक निसटले आणि गाडी पुन्हा आडवी झाली. काका लगबगीने चढू लागले, तोच वरून आवाज आला, "थांबा काका, येऊ नका! उचलतो मी!" आणि पाठोपाठ चक्क हसू ऐकू आले. थोड्या वेळाने इंजिन धडधडले, ते थेट पठारावर जाऊनच थांबले.

शिष्याचे सामान आपल्या गाडीवर बांधून काका वर पोहोचले, तेव्हा उन्हे कलली होती. चौघे तंबूच्या दोऱ्या ताणत होते. शिष्य कड्यापासून जरा अलीकडे उभा होता.

त्याच्या गाडीकडे पाहून काका म्हणाले, "डावीकडे आणखी एक चरा पडलाय रे."

"असेल," शिष्य म्हणाला. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. दरीपलीकडे बोट दाखवत त्याने विचारले, "काका, ती समोरची डोंगररांग कुठली हो?"