कॅमेऱ्याच्या जागी

एकदा एक तरुण दिग्दर्शक आपल्या पहिल्याच चित्रपटात मोठ्या पेचात सापडला. कथा त्याच्या मावसबहिणीच्या आयुष्यातली होती. लग्नानंतर सासऱ्याने तिच्यावर हात टाकला होता आणि घरात सर्वांना ठाऊक असूनही कोणी तोंड उघडले नव्हते. बहीण त्याला म्हणाली होती, "लोकांना कळू दे. पण मला पुन्हा उघडी पाडू नकोस." त्याने तसा शब्द दिला होता.

चित्रपटाला पैसा लावणारा व्यापारी मात्र त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला सकाळीच सेटवर येऊन बसला.

"दिग्दर्शक महाराज, चोरी दाखवा, खून दाखवा. सासरा-सून हे काय पडद्यावर आणायचं? काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या."

तरुणाने प्रसंग गाळायला नकार दिला. शेवटी व्यापाऱ्यानेच तोड काढली. तरुणाचे वृद्ध गुरू, अण्णा, यांना बोलवावे आणि ते म्हणतील ते दोघांनी मानावे. अण्णा नको म्हणाले, तर चित्रपट तिथेच थांबणार होता.

अण्णा आले. त्यांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "कॅमेरा कुठे लावलायस?"

"मागच्या खिडकीशी. झडप किलकिली ठेवलीय. तिथून सगळं दिसतं, उजेडही चांगला आहे."

अण्णांनी कॅमेरा बाजूला काढायला लावला, त्या जागी एक स्टूल ठेवले आणि शिष्याला म्हणाले, "तू बस इथे. आता तालीम होऊ दे."

शिष्य गोंधळला, पण बसला. आत सून पांघरुणाच्या घड्या घालत होती. सासरा आत आला, त्याने दार लोटले आणि तो पुढे सरकला. शिष्य स्टुलावरून उठला.

"का रे उठलास?"

"बघवेना, अण्णा. चोरून बघतोय असं वाटलं."

"त्या घरात, त्या वेळी, या खिडकीशी कोण असेल?"

शिष्य खाली मान घालून म्हणाला, "एखादा आंबटशौकीन शेजारी."

व्यापारी खूश झाला. "म्हणजे अण्णा माझ्याच बाजूचे. विषय बंद."

"शेठ, मी फक्त स्टूल हलवायला सांगतोय," अण्णा म्हणाले.

शिष्य स्टूल घेऊन हिंडू लागला. खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यात बसले तरी त्याला बहिणीचे बोलणे आठवे. अखेर तो खोलीबाहेर आला. स्वयंपाकघरात सासूची भूमिका करणारी बाई पाट्यावर चटणी वाटत होती. तिच्या शेजारी त्याने स्टूल टेकले.

तालीम पुन्हा सुरू झाली. समोर खोलीचे दार बंद झाले. आत भांडे पडल्याचा आवाज आला. सासूचा हात क्षणभर थांबला. मग ती वरवंटा अधिक जोराने फिरवू लागली. दार उघडले नाही.

व्यापारी मागे उभा होता.

"हे तर जास्तच अवघड झालं, अण्णा. मघाशी निदान सासऱ्याला नालायक म्हणून मोकळं होता आलं असतं."

अण्णा म्हणाले, "माणसाच्या घरात जे घडतं, ते पडद्याला वर्ज्य कसं असेल, शेठ? बघणाऱ्याला खिडकीशी नेलं तर तो चवीने बघतो आणि त्या मुलीची दुसऱ्यांदा विटंबना होते. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्याच्या शेजारी त्याला बसवलं, की त्याला आपलंच घर आठवतं. विषयाला नाव ठेवण्याआधी, आपण कुठे बसून तो बघतोय ते तपासावं."

शिष्याने कॅमेरा स्वयंपाकघरात मांडायला सांगितला. व्यापाऱ्याने चपला पायात सरकवल्या आणि तो दारापर्यंत गेला. तिथे थोडा रेंगाळून, मागे न वळताच तो म्हणाला, "तयार झालं की पहिल्यांदा माझ्या आईला दाखवायचं."

का, ते कोणी विचारले नाही.