राणीच्या मनगटावरचा चाफा

"मी घाईघाईत जेवढी मूर्ख होते, तेवढी सावकाशीनं कधी होत नाही," असं गुणवंताराणी स्वतःच सांगायची. डोंगराआडच्या एका छोट्या राज्याची ही राणी. वय चाळिशीपुढचं, केस पिकायला लागलेले, पण धीर काही पिकला नव्हता. एकदा तिनं हौसेनं दुधाला विरजण लावलं आणि दही लागलं का ते बघायला घटकेघटकेला त्यात बोट घातलं. दही लागलंच नाही. प्रधानजींनी ते तसंच भातावर ओतून घेतलं आणि "वा" म्हणाले. प्रधानच ते.

राजवाड्यामागं सोनचाफ्याची बाग होती. ती सगुणा माळीण सांभाळायची. झाडं तिच्या सासूनं लावलेली. तिथं घोड्यांची पागा बांधावी, असं प्रधानजींच्या मनात आलं. सगुणा राणीकडे गेली. म्हणाली, "या फुलांचं अत्तर करून आणते. आवडलं तर झाडं राहू द्या."

"आण," राणी म्हणाली. "नाही आवडलं, तर मात्र कुऱ्हाड."

सगुणानं चंदनाच्या तेलात चाफा उतरवला आणि एका सकाळी कुपी घेऊन दरबारात आली. राणीच्या मनगटावर तिनं एक थेंब लावला. राणीनं लगेच मनगट नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा कसला वास? ओल्या फांदीची साल सोलल्यासारखा."

"राणीसाहेब, जरा थां..."

"पुरे. दुपार कलली की झाडं तोडा," म्हणत राणी उठून गेलीसुद्धा.

मग ती कामाला लागली. मुदपाकखान्यात डोकावली, गच्चीवर जाऊन उन्हातले पापड उलटले. पापड उलटताना तिला कुठूनसा गोडसर वास आला. कुणीतरी गजरा माळला असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. जिन्यात पुन्हा तोच वास, आता जरा दाट. दुपारी तर तो असा ऊबदार झाला, की जणू कुणी उन्हात तापलेली चाफ्याची फुलं ओच्यात घेऊन तिच्या मागोमाग फिरतंय. राणीनं दासीचा अंबाडा हुंगला. देवघरातलं तबक हुंगलं. प्रधानजींचं उपरणंही हुंगलं. त्याला नुसता तपकिरीचा वास होता. शेवटी घाम पुसायला हात कपाळाशी नेला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. चाफा तिच्याच मनगटावर फुलला होता.

तेवढ्यात बागेतून कुऱ्हाडीचा आवाज आला.

राणी पदर खोचून पळत सुटली. पोचली तेव्हा पहिल्या झाडाच्या बुंध्यावर एक घाव बसला होता. दुसरा घालायला वर गेलेली कुऱ्हाड तिनं हातानं थोपवली. मागून धापा टाकत प्रधानजी आले.

"राणीसाहेब, भर दरबारात दिलेला हुकूम आहे. मागं घेतलात तर लोक हसतील."

राणीनं बुंध्यावरच्या घावावर तळवा ठेवला. "हसू द्या. माझं हसं चार दिवसांत विरेल. हे झाड तोडलं, तर पुन्हा एवढं झालेलं बघायला ना तुम्ही असाल ना मी."

कुऱ्हाडी परत गेल्या. पागा ओढ्यापलीकडच्या माळावर बांधायची ठरली. सगुणा शेणमाती घेऊन आली आणि झाडाची जखम लिंपायला बसली. राणीही शेजारी उकिडवी बसली आणि जरा ओशाळून म्हणाली, "सगुणे, अगं, अत्तराला अंगाची ऊब लागते, उलगडायला वेळ लागतो, थांबा, एवढं तरी सांगायचंस मला."

सगुणानं लिंपता लिंपता मान वळवली नाही. "सांगत होते की, राणीसाहेब. 'थां'पर्यंत आले होते."

तात्पर्य: दही असो, अत्तर असो की समोरचं माणूस, त्याला उलगडायला वेळ द्यावा, आणि तेवढा धीर नसेल, तर निदान चूक कळल्यावर पळत यायला लाजू नये.