टिकल्याची बाग

फार पूर्वीची वैशाखातली पंचमी. वारा पडला होता, पाणी नितळ होते. प्रवाळाच्या खडकावर, आपल्या शेवाळाच्या बागेत, बोटभर टिकल्या मासा पंख हलवून अंड्यांना ताजे पाणी देत होता.

तेवढ्यात साळिंदरासारखा काटेरी, गोलमटोल सागरी अर्चिन साळोबा शेवाळ खरवडत अंड्यांकडे सरकू लागला. टिकल्या धावून गेला, पण काट्यांपुढे थबकला.

"पोरा, मोठमोठे मासे मला भितात," साळोबा हसला. "तुझी काय मजल?"

टिकल्याने त्याच्याभोवती एक गिरकी घेतली. "आजोबा, हे काटे कसले? ही तर धरायची मूठ!" असे म्हणून त्याने एक काटा आडवा तोंडात धरला आणि साळोबाला उचलले.

"अरे, सोड! पडेन ना!"

बागेबाहेर, वाळूवर, टिकल्याने त्याला सोडले.

सूर्य मावळताच सगळी अंडी फुटून पिल्ले बाहेर पडली. साळोबा अजून वाळूवरच हळूहळू सरकत होता.