खिळ्यांचे गाव

एकदा एक वृद्ध संशोधक आणि त्याचा शिष्य माळावरच्या एका शेतात रीतसर परवानगी घेऊन यंत्र फिरवीत होते. जमिनीत धातू असला की ते यंत्र वाजे. सरकारी दप्तरात त्या शिवाराविषयी 'मौजे निंबखारी, बेचिराख' एवढी एकच ओळ होती. कधीकाळी उठून गेलेले ते गाव नेमके कुठे वसले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वृद्ध ते शोधीत होता आणि शिष्य तीन उन्हाळे त्याच्यामागे पाय ओढीत होता.

तीन उन्हाळे म्हणजे काही गंमत नव्हे. पीक निघाल्यावर तापलेल्या ढेकळांतून चालायचे, यंत्र किंचाळले की गुडघे टेकून उकरायचे, आणि हाती काय, तर गंजका खिळा! शिष्याचे कान किटले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने यंत्राची कळ फिरवून लोखंडाचा आवाजच बंद करून टाकला. आता ते फक्त तांब्यापितळेला आणि सोन्यारुप्याला वाजणार होते. ते एकदाही वाजले नाही. बिचाऱ्याला निदान शांतता तरी लाभली.

एके दिवशी शेताची मालकीण कावेरीबाई बांधावर येऊन म्हणाली, "गुरुजी, गाव हाय का न्हाय ते सांगा एकदाचं. सोमवारी मशीन येतंय तळं खोदाया."

"काही नाही, बाई. शेत रिकामं आहे, खुशाल खोदा," शिष्यानेच उत्तर दिले. मग गुरूच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला, "गुरुजी, मीही आता थकलो. उद्यापासून येणार नाही."

"उद्याचा एक दिवस ये," वृद्ध म्हणाला. त्याचाही आवाज थकलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी वृद्धाने कावेरीबाईकडून डबाभर चुना मागून घेतला आणि यंत्र स्वतः हाती घेऊन त्याची फिरवलेली कळ पूर्ववत केली. यंत्र पावलोपावली किंचाळू लागले. वृद्ध मात्र कुठेच उकरीना. वाजेल तिथे चिमूटभर चुना टाकायचा आणि पुढे सरकायचे, एवढेच त्याचे चालले होते. बाभळीखाली बसलेल्या शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला ऊन लागले. त्याला गुरूची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

दुपार कलल्यावर वृद्धाने त्याला उंच बांधावर बोलावले. शिष्याने खाली पाहिले आणि तो पाहतच राहिला. पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन एकाशेजारी एक मांडले होते. मधून एक मोकळी गल्ली गेली होती. एका टोकाला तर चुन्याचा सडाच पडला होता.

"तिथे लोहाराची भट्टी असावी," वृद्ध म्हणाला. "बाकीचे दारांचे आणि चौकटींचे खिळे. अरे, गाव उठताना माणसं सोनंनाणं कमरेला बांधून नेतात. मागे राहतो तो खिळा. नांगराने खिळा हातभर सरकतो, पण गाव सरकत नाही. तू यंत्राला सांगितलंस की मोलाचं तेवढंच बोल, आणि मग शेताला मुकं ठरवलंस."

चुन्याचा डबा न्यायला आलेल्या कावेरीबाईने पदर डोक्यावर घेतला आणि शेताला हात जोडले. "तळं दुसरीकडं घेते, गुरुजी," ती म्हणाली.

शिष्याला आनंद व्हायला हवा होता. पण ओढ्याच्या बाजूला एक लांब पट्टा कोरा होता, एकही ठिपका नसलेला, आणि त्याची नजर तिथेच अडकली. पहिल्या उन्हाळ्यात, कळ फिरवण्याआधी, त्याने तिथूनच पोतेभर खिळे उपसून भंगारवाल्याला घातले होते.

"गुरुजी, तिथे किती घरं होती?" त्याने कसेबसे विचारले.

"आता कोण सांगणार?"

"मग नकाशात तिथे काय दाखवायचं?"

वृद्धाने ठिपक्यांवरून नुकताच काढलेला नकाशा त्याच्यापुढे सरकवला. "लिही, 'येथे घरे होती, ती मी उपसली.' आणि खाली सही कर."

शिष्याने पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. वृद्ध त्याच्याशेजारी बांधावर टेकला आणि दुखरे गुडघे चोळीत म्हणाला, "माझ्या नकाशांत अशा नऊ सह्या आहेत, बाळा."

मग शिष्याने ती ओळ लिहिली आणि खाली सही केली.